अर्धी चावी

सकाळी सहा चाळीस. बोळिंजच्या दूधकेंद्रापुढे रांग होती. सरोजिनीबाई धावत आल्या आणि माझ्या पुढे उभ्या असलेल्या त्यांच्या शेजाऱ्यांना, जयवंतरावांना, म्हणाल्या, “भावोजी, गाडी सुरू होत नाहीये. सूनबाईला कळा सुरू झाल्यात.”

“स्वप्नाला? आठवाच ना चालू?”

“आठवाच. रिक्षाचे धक्के अजिबात नकोत म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.”

“तुमचा सुमेध चार महिने झाले बोटीवर आहे. गाडी रोज चालू करा म्हणून सांगून गेला होता ना?”

“करत होते की! रोज अंघोळ झाली की चावी फिरवून दहा मिनिटं बसायचे. भजनं लावायचे.”

“इंजिनाचा आवाज यायचा?”

“आवाज कशाला? दिवे लागायचे, भजनं वाजायची.”

“वहिनी, ती अर्धीच चावी. बॅटरी भरत नव्हती, संपत होती.”

“नंतर बोला मला काय ते. तुमची गाडी द्या.”

“वेदांत गॅस भरायला पंपावर घेऊन गेलाय. थांबा, स्पीकरवर टाकतो. वेदांत, आत्ताच्या आत्ता घरी ये.”

“बाबा, पुढे नऊ गाड्या, मागे तीस. निघताच येत नाही.”

“कुणाला तरी सरकायला सांग रे!”

“सांगतोय. ऐकत नाहीत.”

“अँब्युलन्स बोलावलीत का वहिनी?”

“वसईहून निघालीय. हा बघा, सूनबाईचाच फोन.”

“आई, कुठे आहात? पाणी जायला लागलंय.”

“पडून राहा, मी आलेच.”

“अँब्युलन्सवाल्याचा फोन आला होता. नालासोपाऱ्याच्या पुलावर अडकलाय.”

सहा बावन्न झाले होते आणि तिन्ही गाड्या जागच्या जागी अडकून होत्या.