भाऊजींचा डावा पाय

एटीव्ही चालवायला अगदी सोपी असते असं कुणी म्हणालं, की मला आमचे शिरीषभाऊजी आठवतात. माझ्या ताईचे यजमान. सगळा जन्म पुण्यात स्कूटरवर गेलेला.

मागच्या हिवाळ्यात आम्ही खडकवासल्याच्या पुढे एका रिसॉर्टवर गेलो होतो. भाऊजी तिथली एटीव्ही, ती जाड टायरांची चारचाकी गाडी, घेऊन टेकाडावरून खाली निघाले. वळणावर गाडी कलली. स्कूटरवर टेकवतात तसा त्यांनी सवयीने डावा पाय खाली टेकवला, आणि मागचं चाक त्याच पायावरून गेलं. भाऊजी खाली फेकले गेले आणि गाडी उलटून त्यांच्या शेजारीच आदळली. हातभर अलीकडे पडली असती, तर मी हे असं चहा पीत सांगत बसलो नसतो.

ताई धावत गेली. "अहो, बोला ना काहीतरी!"

"पाय आहे का बघ," भाऊजी म्हणाले.

पाय होता, पण घोटा मोडला होता.

कोथरूडच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "पाय खाली कशाला टेकवलात?"

"तोल जाऊ नये म्हणून."

"अहो, चार चाकं होती ना? ती काय शोभेला लावलेली असतात?"