कुजबुज घरभर

हसणार नसाल तर सांगते. ह्यांनी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर सगळ्यांची गाणी साठवली, माझ्या फोनमधलीसुद्धा, आणि सगळ्या गाण्यांचा आवाज सारखाच मोठा येईल असं सेटिंग केलं.

सकाळी स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर हलगी थांबली आणि तेवढ्याच मोठ्यानं माझं गुणगुणणं सुरू झालं, कळंबला आईला पाठवायला हळूच रेकॉर्ड केलेलं. स्वप्नात आपणच आपल्याला लांबून ऐकावं, तसं मी ऐकत राहिले. शेवटची कुजबुजही घरभर घुमली, "आई, करमत न्हाय गं इथं."

सासूबाईंची भाकरी तव्यावरच राहिली.

"उद्या हिला कळंबला सोडून ये," त्या ह्यांना म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या, "अन् परत आल्यावर असंच मोठ्यानं म्हणत जा. आमाला तरी कुठं करमतंय गप्प घरात?"