शिवा पैलवानानं धरलेला दोरा

मांजरानं गिळलेला दोरा कधी ओढायचा नाही, हे मी तुम्हाला छातीठोक सांगतो. पण ते शिवा पैलवानाला सांगून बघा!

संस्थान नुकतंच मुंबई राज्यात गेलेलं आणि मी कोल्हापुरात जनावरांचा दवाखाना थाटलेला. एका सकाळी हा गडी तालमीतनं तसाच आला, अंगावर लाल माती. काखेत तालमीची मांजरी. मटणाच्या पुड्याचा दोरा तिनं वासानं गिळलेला, आणि तोंडाबाहेर लोंबणारं टोक ह्याच्या चिमटीत गच्च.

मी ओरडलो, "ओढू नका! आतडं चिरेल, मांजर मरेल."

"ओढतोय कुठं? नुसता धरलाय की."

"मग सोडा."

"ते जमायचं न्हाय डॉक्टर. एकदा धरलं की सोडायचं न्हाय, वस्तादांची शिकवण हाय."

म्हटलं, धर बाबा. मी मांजरीचा जबडा उघडला. दोरा जिभेखाली अडकला होता, तो तिथंच कात्रीनं कापला. मांजरी सुटली, पैलवानाच्या हातात तेवढं टोक राहिलं.

"आता तिला दूधभात घाला," मी म्हणालो. "पोटातला दोरा आपोआप बाहेर पडेल. दिसला तरी ओढायचा नाही. शब्द द्या."

"दिला."

दोन दिवसांनी पैलवान परत दारात. मांजरी काखेतच, पण ह्या खेपेला उलटी, शेपूट पुढं आणि तोंड मागं. शेपटीखाली ह्याची चिमूट.

"डॉक्टर, शब्द मोडला न्हाय बघा. ओढला न्हाय. पहाटंपासनं नुसता धरून ठेवलाय!"