लायसन्सवरचं कुंकू

मल्लेश्वरला कीर्तनाला निघालेल्या अहल्याबाई बसच्या रांगेत पहिल्या होत्या. मागं पिठाच्या गिरणीचा मालक आणि त्याची बहीण.

“अक्का, इन्स्पेक्टर आलेला. लायसन्सची तारीख दिसेना म्हणाला.”

“का रे?”

“आयुधपूजेला भिंतीवरच्या लायसन्सच्या काचेवर कुंकू तूच फासलंस ना!”

“मग पुसायचंस.”

“आपणहून झडेपर्यंत हात लावायचा नाही, हे कोण म्हणालं?”

“त्यानं पुसलं?”

“छे! हात पुढं केला, मागं घेतला, चपला काढून नमस्कार केला. झडलं की येतो म्हणाला.”

“तारीख सरली नाही ना?”

“सरली की! दिसली तर कुलूपच. म्हणून तर नवं करायला पळतोय.”

“आणि गिरण?”

“ही चालवतेय.”

“अरे देवा, भिंत हादरते तिथली!”

बस आली. अहल्याबाई बाजूला सरल्या.

“तुम्ही आधी चढा हो. माझा पूर्वरंग चुकला तरी उत्तररंग मिळेल.”