ब्रेकचं पत्र

आमच्या कोयनानगरच्या काकांना ट्रकच्या कंपनीचं पत्र आलं, ते तुम्हाला सांगितलंच नाही ना? तुमच्या ट्रकच्या ब्रेकमध्ये दोष आहे, उतारावर तो निकामी होऊ शकतो, गाडी साताऱ्याला आणा, फुकट दुरुस्त करून देऊ, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी तीनदा वाचून दाखवलं.

"काय होत न्हाई," काका म्हणाले. "मी फौजेत बर्फात ट्रक चालवलेत. कंपनी मला शिकवणार व्हय?"

पत्र कपाटात गेलं आणि ट्रक रोजच्यासारखा कुंभार्ली घाटात. चालवायला अर्थात काका नव्हते, ड्रायव्हर दत्तूदादा होते.

महिन्याभरानं माझी चिपळूणला मुलाखत होती. दत्तूदादा ट्रक काढतच होते. मी म्हटलं, "काका, मी ट्रकनंच जाते."

"नगं. एसटीनं जा."

"का?"

"आगं, ते बिरेकचं पत्र आलंय न्हवं? घाट लय वाईट हाय."

दत्तूदादांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि चावी काकांच्या हातात ठेवली.

"आवं मालक, मग मीबी ताईंसंगं एसटीनंच जातो. ट्रक तुमी आणा. तुमाला बर्फाची सवय हाय."