खांबावरची लख्ख जागा

नव्या धक्क्यावरच्या बाकावर लाँचची वाट बघत माझ्या शेजारी पाणबुड्या आणि इंजिनीअरबाई बोलत होते.

“मॅडम, कोसळलेल्या धक्क्याचं लाकूड पुन्हा वापरायला नको होतं.”

“अहो, झाड तोडण्यापासून ते लाकूड कुजेपर्यंत निसर्गाचं किती नुकसान होतं, त्याचा सगळा हिशेब मांडलाय मी. समुद्राला जुनं लाकूडच परवडतं.”

“परवडेल हो. पण सगळ्या खांबांवर शिंपले धरलेत आणि एकावर मात्र दोन पंजांएवढी जागा लख्ख आहे.”

“लाँच घासत असेल.”

“घासून पाच-पाच बोटं उमटतात?”

“धक्का कोसळला तेव्हा कुणीतरी खांबाला धरून होतं म्हणे. तोच खांब का हा?”

“कुणीतरी नाही, मॅडम. माझा धाकटा भाऊ. सापडलाच नाही तो.”

“अरे देवा.”

“मागच्या तपासणीला ते पंजे तळाशी होते. आज बुडी मारली, तर पार पाण्याच्या रेषेपर्यंत आलेत.”

“कुठला खांब?”

“आपल्या बाकाखालचा. म्हणून तर इथं बसलोय.”