उंबरठ्यावर घेतलेलं नाव

आदरणीय अध्यक्ष निरंजनराव, व्यासपीठावरच्या पाहुण्या डॉक्टर तृप्तीताई, बुऱ्हाणपूरच्या आपल्या मराठी मंडळाचे कार्यकर्ते, आणि जिलेबीच्या वासानं सारखं मागे वळून बघणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना रुख्मिणीचा नमस्कार.

आजचा सत्कार आमच्या ह्यांच्या पंचाहत्तरीचा. कागद मिलमध्ये छत्तीस वर्षं ह्यांनी मशीन थांबू दिलं नाही. निवृत्तीनंतर स्वतःच थांबायला लागले. हसा, हसा! तेही हसताहेत. पार्किन्सननं चेहरा जरा आखडलाय, म्हणून तुम्हाला दिसत नाही. परवा व्याही आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "विहीणबाई, आमचं काही चुकलं का?" काहीच चुकलं नव्हतं हो. हे मजेत तुम्ही आणलेला तिसरा लाडू खात होते.

हात थरथरतो, तो सगळ्यांना दिसतो. पाय अडतो, ते मात्र कुणाला कळत नाही. अंगणात बरे चालतात, आणि दार आलं की पाय जमिनीला चिकटलेच. आम्हाला वाटलं, हट्ट करताहेत. आमचा दीपक म्हणाला, "बाबा, चला ना, काय नाटक लावलं?" आणि हात धरून ओढलं. बाबा पडले. दीपक समोरच बसलाय, त्याला विचारूनच सांगतेय.

मग एकदा इच्छापूरला देवीच्या दारात अडले. मागे ही एवढी रांग! "बाबूजी, आगे बढ़ो ना!" कुणी पाठीला हातही लावला. घरी आल्यावर म्हणाले, "आता मी बाहेर येणार नाही. लोकांच्या वाटेत उभं राहायला मी काय खांब आहे?" चौकात गप्पा मारल्याशिवाय ज्यांना जेवण पचत नसे, ते खिडकीत बसून राहिले. मला फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा. कुणाचा, ते विचारू नका.

एके दिवशी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर असेच उभे. इकडे माझी भाजी करपतेय. मी वैतागून म्हटलं, "अहो, नव्या नवरीसारखे दारात काय उभे राहिलात? नाव घ्या, मग आत या!"

आणि घेतलं की हो! आवाज बारीक, पण ठेक्यात:

"कागदाच्या मिलचा भोंगा वाजे जोरात,
रुख्मिणीनं अडवलं मला माझ्याच दारात."

शेवटच्या शब्दाला पाय उचलला, आणि स्वारी आत! भाजी गेली ती गेलीच.

तृप्तीताई घरी आल्या तेव्हा मी हे भीत भीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताल मिळाला की अडलेला पाय पुष्कळदा सुटतो. कुणाचा आकडे मोजून, कुणाचा गाण्यानं. फक्त ओढू नका, घाई करू नका, आणि गोळीची वेळ चुकवू नका." मी लग्नात एकदा नाव घेतलं होतं, तेही सासूबाईंनी तीनदा डोळे वटारल्यावर. आता हे दिवसातून दहा वेळा माझं घेतात. आमची सून वर्षा म्हणते, "आई, तुमची तर चैन आहे!"

रोज जमतंच असं नाही बरं. गोळीचा असर उतरला की उखाणाही चालत नाही. मग मी शेजारी नुसती उभी राहते. आधी मला वाटायचं, मी काहीच करत नाहीये.

मंडळाचे, तृप्तीताईंचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाची जास्त थट्टा झाली असेल, तर मोठ्या मनानं सोडून द्या.

एका गोष्टीची माफी मात्र मी मागणार नाही. कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. सूत्रसंचालकांनी तांत्रिक अडचण सांगितली. अडचण कसली? ह्या हॉलच्या दारात हे माझं नाव घेत होते. चार वेळा घेतलं, तेव्हा कुठे पाय सुटला, आणि आठ महिन्यांनी हे तुमच्यात येऊन बसले.

जातानाही दार तेच आहे. ज्यांना घाई असेल, त्यांनी कृपया आधी निघावं. बाकीच्यांनी थांबून ऐकावं.